भुवया

नांदूरच्या निमसेंचा कैवल्य गाडी घेऊन आला
तेव्हा अंबडच्या आमच्या गल्लीतले सगळे लेथ
अर्धा मिनिट थांबले.
नारिंगी, जमिनीला टेकलेली,
चाकाच्या जाळीतून दिसणारा सहा पिस्टनचा पिवळा कॅलिपर.
उंबऱ्यावर पोट घासू नये म्हणून
दोन फळ्या टाकाव्या लागल्या.

"काका, दोनशेवरून खिळ्यासारखी थांबते,
पण सिग्नलला येताना अशी किंचाळते
की रिक्षावाले वळून हसतात.
पुण्याचे म्हणाले, सगळं बदला, सत्तर हजार."

"चालवून दाखव," म्हणालो.
गल्लीच्या टोकाला नेली, आणली, दाबला ब्रेक.
टायरखालची खडी ऐकली मी,
इंजिनाची घरघर, पलीकडच्या प्रेसचा धप्प.
किंचाळी नाही.

किंचाळी मला ऐकू येतच नाही.
सातपूरला बावीस वर्षं, दीडशे टनाच्या प्रेसपाशी,
कानात बोळे फक्त ऑडिटच्या दिवशी.
डॉक्टरांनी आलेख काढून दिला:
तीन हजारापर्यंत रेघ सरळ, शहाण्यासारखी,
मग एकदम कसाऱ्याचा उतार.
ब्रेक नेमका त्या उताराखाली राहतो.
बरीचशी पाखरंही तिकडेच गेली असावीत.

हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

म्हणून मी मिसबाहकडे बघतो.
इल्यास कोकणीची थोरली, आयटीआय झालेली,
खिशात कायम चौदाचा पाना.
तिनं कधी काही विचारलं नाही.
फक्त ब्रेक ओरडला
की भुवया जरा जास्तच उंच करते.

चाक उतरवलं. डिस्कला डायल लावला,
काटा जागचा हलेना.
पॅड काढले तर तोंडावर काचेची चकाकी
आणि पाठीमागचे पातळ पत्रे गायब.
"शिम कुठंयत?"
"शर्यतीचे पॅड बसवताना त्यांनी काढले.
वजन कमी होतं, म्हणाले."
मिसबाहनं कॅलिपरमध्ये तोंड घालून हसू लपवलं.

काचेवर पॉलिश पेपर, त्यावर पॅड,
आठाच्या आकड्यात घासत राहिली ती.
कडा तिरप्या केल्या, नवे पत्रे कापून बसवले.
ग्रीस पाठीला, पिनेला, टिपून टिपून;
तोंडाला ठिपका जरी लागला
तर मी काय बोलेन ते तिला पाठ आहे.

"हे पॅड गार असताना भांडतात," मी म्हणालो,
"आणि तू यांना कॉलेज रोडला कॉफी प्यायला नेतोस.
उद्या पहाटे पेठ रोडला ये. यांना तापवायचंय."

जानेवारी. रामशेजच्या अलीकडे धुकं.
मणी तडकू नयेत म्हणून
द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या लावलेल्या.
गाडीत दोनच जागा.
ती दोघं गेली. मी एका शेकोटीपाशी उभा,
शेजारी कानटोपीतले बागायतदार दराडे,
आणि राखेत झोपलेलं त्यांचं कुत्रं.

ऐंशीवरून वीस. थांबायचं नाही. परत ऐंशी.
गाडी समोरून गेली, मंदावली.
कुत्र्याचे कान ताठ.
दुसरी फेरी, कान ताठ.
तिसऱ्या फेरीला ते उठून गुरगुरलं.
"काय ओरडतंय हो हे?" दराडे म्हणाले.
मी विस्तवात काटकी सारली.

पाचव्या फेरीला एकच कान.
सहाव्याला जळक्या पॅडचा वास आला
आणि मला बरं वाटलं.
सातवी.
आठवीला गाडी अगदी आमच्यासमोर मंदावली,
कुत्र्यानं नाक पंजांवर ठेवलं,
डोळे मिटले.

पुढं जाऊन, गार होऊन, ती दोघं परत आली.
कैवल्य हसत होता, ओठ निळे.
"रोज सकाळी पहिल्या दोन सिग्नलला कुरकुरेल,"
मिसबाह त्याला सांगत होती, "ते चालवून घ्यायचं."
मग माझ्याकडे वळून,
भुवया अगदी सरळ ठेवून, म्हणाली,
"काका, गप्प झाला."

"माहितीये," मी म्हणालो.

पहिल्यांदाच
तिच्या भुवया आपोआप वर गेल्या.